नऊ ओळींची हजेरी

“सर, एक ओळ कमी झालीय.”

रेवती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी होती. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होतो. खरं सांगायचं तर स्वतःच्याच कामाकडे कौतुकानं बघत होतो, आणि अशा वेळी मागून कोणी काही कमी झालंय म्हणून सांगितलेलं माणसाला आवडत नाही.

“एक नव्हे बाळ, एकशे त्र्याऐंशी ओळी कमी झाल्यात,” मी म्हणालो. “आणि त्या कमी व्हायलाच पाहिजे होत्या. त्यासाठीच तर स्क्रिप्ट लिहिली.”

“पण त्यातली एक आमची आहे.”

“बस इथं,” मी म्हणालो आणि शेजारचं स्टूल पुढं ओढलं.

ही गोष्ट आमच्या बोरखिंडीच्या शाळेला शंभर वर्षं झाली त्या हिवाळ्यातली. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो. शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण दर शनिवारी जाऊन सातवीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवत होतो. मला स्वतःला तो फार येत होता असं नाही. पुण्यातल्या भाच्यानं फोनवरून पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकवली होती. तो तिकडून सांगायचा, मी इकडे वहीत उतरवून घ्यायचो आणि शनिवारी तेच पोरांना असं सांगायचो की जणू ते माझ्याच डोक्यातून निघालंय. पोरांना फरक पडत नव्हता. मला पडत होता. मला छान वाटायचं.

शताब्दीच्या कार्यक्रमात काय करायचं यावर गावात बरीच चर्चा झाली. कोणी तमाशा म्हणालं, कोणी कीर्तन. शेवटी आमच्या मुख्याध्यापिका लोखंडे बाईंनी एक कल्पना काढली आणि तिच्यापुढे बाकी सगळ्या फिक्या पडल्या. शंभर वर्षांची हजेरी घ्यायची. दाखल रजिस्टरातलं पहिल्यापासूनचं प्रत्येक नाव माइकवरून पुकारायचं. जो आला असेल त्यानं उठून ‘हजर’ म्हणायचं. जो नसेल, वारला असेल नाही तर दूर असेल, त्याच्या घरच्यांनी त्याच्या वतीनं म्हणायचं. आणि ज्याचं गावात कोणीच उरलं नसेल त्याच्यासाठी सगळ्या मांडवानं म्हणायचं. गैरहजर कोणीच नाही.

रजिस्टरं टाइप करायचं काम पोरांनी दिवाळीच्या सुट्टीत केलं. सगळ्यात जास्त ओळी रेवतीनं केल्या, कारण बोरूनं लिहिलेलं जुनं अक्षर तिला बरोबर लागायचं. दर ओळीत चार गोष्टी: रजिस्टर नंबर, नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचं साल. एकूण ओळी झाल्या दोन हजार नऊशे चौदा.

पण त्यात एक गोची होती. आमचा भाग दुष्काळी. इथली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची दुकानं चालवायला, नाही तर तिथं राबायला, देशभर पांगलेली. पोरगं बापाबरोबर सेलमला जायचं, कोईमतूरला जायचं, वर्षा-दोन वर्षांनी परत यायचं, आणि त्या वेळचे गुरुजी त्याचं नाव नव्या नंबरावर पुन्हा घालायचे. एकच पोरगं दोनदा, काही तर तीनदा. ते सगळं तसंच पुकारायचं म्हणजे एक माणूस तीनदा उठून हजर म्हणणार. लोक हसले असते.

तेव्हा मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. फाइल उघड, एकेक ओळ घे, स्वल्पविरामापाशी तोड, नाव ठेव, बाकीचं टाकून दे. मग सारखी नावं एकदाच ठेव. मग अकारविल्हे लाव आणि नव्या फाइलीत उतरव. मोजून नऊ ओळी. एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत दोन हजार सातशे एकतीस नावं अ पासून शिस्तीत उभी राहिली. शंभर वर्षं कुठल्या गुरुजीला जमलं नव्हतं ते मला एका बोटानं जमलं होतं.

आणि आता ही पोरगी मागे उभी.

“हे बघ,” मी म्हणालो. माझ्या शांतपणाची पंचक्रोशीत ख्याती होती. छत्तीस वर्षांत मी पोरावर हात सोडाच, आवाजही चढवला नव्हता. “एका माणसाचे दोन फोटो असले तर माणसं दोन होतात का?”

“नाही सर.”

“मग एका माणसाच्या दोन ओळी असल्या तर?”

“पण सर, ही माणसं दोन...”

“थांब. आधी माझं पूर्ण ऐकून घे. मग तुझं मी पूर्ण ऐकतो.”

ती थांबली. मी माझं पूर्ण सांगितलं. फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. सगळं झाल्यावर विचारलं, “समजलं?”

“समजलं सर. पण धोंडी राऊ बाबर दोन आहेत. एक माझे पणजोबा. ते पहिल्या तुकडीत होते, एकोणीसशे बाराला. आणि एक आमचे आप्पा, म्हणजे वडील. पणजोबांचं नाव आप्पांना ठेवलंय. आजोबांचं नाव राऊ धोंडी आणि आप्पांचं परत धोंडी राऊ. तुमच्या यादीत एकच राहिलाय.”

मला ते कळलं नाही असं नाही. गणिताचा मास्तर मी, मला लगेच कळलं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत इथं घरोघरी. बापाचं नाव मध्ये लावायचं, की एक पिढी सोडून तेच नाव तसंच्या तसं परत येतं. पण कळलं त्याच क्षणी दुसरंही काही डोक्यात आलं: आता हिच्या आप्पांसाठी अपवाद घालायचा, म्हणजे माझ्या नऊ ओळींत दहावी ओळ घुसडायची. ती नऊ ओळींची स्क्रिप्ट मी भाच्याला पाठवली होती. त्यानं ‘मामा, झकास’ असं कळवलं होतं. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं.

“नाव तर राहिलंय ना यादीत?” मी विचारलं.

“राहिलंय.”

“मग झालं तर! नाव पुकारलं जाणार. तुझे वडील उठून हजर म्हणतील. त्यात पणजोबाही आले. एका हाकेत दोघं.”

“आप्पा सेलमहून येणार आहेत सर. फक्त ह्याच्यासाठी. मालकानं एकच दिवस सोडलंय. ते चौथीत असताना त्यांचा मामा त्यांना दुकानावर घेऊन गेला, मग शाळा झालीच नाही. मी फोनवर सांगितलं, तुमचं नाव पुकारणार आहेत, तर म्हणाले, पुरं नाव? मी म्हटलं, पुरं.” तिनं जरा दम घेतला. “तिकडे त्यांना कोणी नावानं हाक मारत नाही सर. अजून तंबी म्हणतात, दुकानातल्या पोऱ्याला म्हणतात तसं. बेचाळीस वर्षांचे आहेत.”

“मग तर त्यांनी यायलाच पाहिजे,” मी म्हणालो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “काळजी करू नको. स्क्रिप्ट माणसासारखी विसरत नाही.”

ती अजून काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं स्टूल परत जागेवर ठेवलं. मला वाटलं, पटलं.

घरी जेवताना मी हा प्रसंग बायकोला सांगितला. एका हट्टी पोरीला किती शांतपणे समजावलं, या अंगानं.

“तुमचा तो आवाज लावला असेल,” ती पोळी वाढत म्हणाली.

“कुठला आवाज?”

“डॉक्टर सुई टोचायच्या आधी लावतात तो. अहो, तुम्ही असं गोड बोलायला लागलात की समोरच्याला कळतं, आता आपलं काही ऐकलं जाणार नाही. चिडलात तर निदान भांडता तरी येतं.”

“पटलं तिला.”

“मला पण बेचाळीस वर्षं पटतंय,” ती म्हणाली. “भाजी घेताय का अजून?”

हजेरीच्या दिवशी मी सकाळी सातला शाळेत गेलो. लॅपटॉप, छापलेली यादी आणि खूण करायला लाल पेन. मांडवात अजून खुर्च्या लावणं चालू होतं. पहिल्या रांगेत एक माणूस आधीच बसला होता. परीटघडीचा पांढरा शर्ट, अंगानं किडकिडीत, हाताच्या बोटांवर ॲसिडनं पडलेले जुने डाग. गलाईवाल्याचे हात लपत नाहीत.

“नमस्कार गुर्जी,” तो उठून म्हणाला. “मी धोंडी. रेवतीचा बाप.”

“या, या! केव्हा आलात?”

“रातच्या गाडीनं मिरजंला उतरलो, पहाटच्या यष्टीनं हितं. घरी पिशवी टाकली न् आलो.” तो हसला. “आमची पोरगी म्हणती, सर लई हुशार हायेत. यंत्रावर शंभर वर्षं पुसून लख्ख केली म्हणं.”

“तिनंही मदत केली.”

“गुर्जी, ‘हजर’ नुसतं म्हणायचं का ‘हजर सर’?”

“तुम्हाला वाटेल तसं.”

“मंग आमच्या येळंला म्हणायचो तसं ‘हजर गुर्जी’ म्हणतो.” तो पुन्हा खाली बसला आणि हात मांडीवर ठेवून सरळ बघायला लागला. चौथीतलं पोरगं तपासणीच्या दिवशी बसतं तसा.

नऊला सुरुवात झाली. शताब्दी समितीचे अध्यक्ष आनंदराव तात्या यांनी माइक हातात घेतला. तात्यांच्या हाती माइक देणं सोपं, परत घेणं अवघड. त्यांनी पहिल्या तुकडीच्या अकरा पोरांची आठवण काढली, ज्यांनी डोक्यावरून दगड वाहून शाळेची पहिली भिंत उभी केली. त्या अकरा जणांची नावं येतील तेव्हा वारसांना शाल-श्रीफळ द्यायचं, हे त्यांनी जाहीर केलं. मग माझी ओळख करून दिली. मीही माइकवर दोन शब्द बोललो. दोन म्हणजे साधारण चारशे. नऊ ओळी, पापणी लवायच्या आत, वगैरे. शेवटी म्हणालो, “यादीत एकही नाव राहिलेलं नाही आणि एकही नाव दोनदा नाही.” टाळ्या पडल्या.

हजेरी मात्र खरंच सुंदर झाली. अकाराम. अंकुश. आनंदी. हरेक नावामागे कुठून तरी ‘हजर’ यायचं. जाड आवाजात, चिरक्या आवाजात, कोणाच्या म्हाताऱ्या बहिणीच्या तोंडून, कोणाच्या लहानग्या नातवाच्या. ज्यांचं कोणी नव्हतं त्यांच्यासाठी अख्खा मांडव म्हणायचा, आणि तो आवाज मोठा असायचा. मी दर नावापुढे लाल खूण करत होतो. साडेअकराच्या सुमाराला द संपला आणि ध लागला.

“धोंडी राऊ बाबर!”

“हजर गुर्जी!”

तो असा खणखणीत ओरडला की बायकांमध्ये हसू फुटलं. उभा राहिला होता, दोन्ही हात अंगाला लावून. आणि त्याच क्षणी तात्यांनी माझ्या पुढ्यातला माइक ओढला.

“पहिल्या तुकडीचे मानकरी! कैलासवासी धोंडी राऊ बाबर! ज्यांनी आपल्या शाळेचे दगड वाहिले! त्यांच्या वतीनं त्यांचा नातू हजर आहे. या, धोंडीराव, स्टेजवर या! टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. धोंडी जरा गोंधळला, मग आला. तात्यांनी शाल घातली, नारळ दिला, फोटोवाल्याकडे तोंड करायला लावलं. फोटो झाल्यावर तो खाली उतरला नाही. माझ्या टेबलाशी आला आणि वाकून हळूच म्हणाला, “गुर्जी, माझं?”

“काय तुमचं?”

“ह्ये आज्याचं झालं. माझं नाव कवा येनार?”

मागे तात्या माइकवर बोट वाजवत होते. “चला, चला गुरुजी, पुढचं घ्या, जेवणं व्हायचीत.”

तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते अगदी सोपं होतं. तेच नाव पुन्हा एकदा पुकारायचं. लागली असती चार सेकंदं. पण चारशे शब्दांत मी जे सांगून बसलो होतो, की एकही राहिलेलं नाही आणि एकही दोनदा नाही, ते अडीच तासांपूर्वीचं होतं, आणि तोच मांडव समोर बसला होता. पहिल्या रांगेच्या कडेला पाण्याचा जग घेऊन रेवती उभी होती. ती माझ्याकडेच बघत होती.

“तेच नाव आहे धोंडीराव,” मी म्हणालो. फार हळुवार म्हणालो. “एकदाच येतं ते. तुम्ही हजर म्हणालात ना? मग झालं.”

“बरं, बरं,” तो म्हणाला. “तसं हाय व्हय.” शालीचं टोक खांद्यावर सावरत तो पायऱ्या उतरला.

“अरं, आज्याची शाल मिळाली की फुकटात!” मागून कोणीतरी ओरडलं. “आता सेलमात पांघरून बस!”

लोक हसले. मी पुढचं नाव वाचलं. धोंडूबाई सखाराम माळी. कोणीतरी म्हणालं, हजर. मी खूण केली.

साडेबाराला नामदेवांपाशी थांबून जेवणाची सुट्टी झाली. पंगत बसली तरी माझं लक्ष लागेना. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर शालीची घडी आणि नारळ. मी पाण्याच्या पिंपाकडे गेलो. रेवती तिथं पेले विसळत होती.

“वडील कुठे आहेत?”

“गेले सर. बाराच्या गाडीनं. म्हटले, ही गाडी चुकली तर मिरजेत उद्यापर्यंत बसायला लागंल.”

“पण ते तर दिवसभर थांबणार होते ना? संध्याकाळची गाडी होती की.”

ती पेला विसळत राहिली. मग म्हणाली, “मी म्हटलं थांबा, मी सरांशी बोलते. तर म्हटले, नको. म्हटले, मी शाळा अर्धी टाकून पळालो न्हवं का, दाखला बी काढला न्हवता. तवाच नाव उडवलं असंल. यादीत नसायचोच मी. गुर्जी भले मानूस, तोंडावर सांगवलं न्हाई त्यांना.”

मी पुढचा पेला उचलून तिच्या हातात दिला.

“मी सांगितलं त्यांना, आहे म्हणून. तेराशे चार नंबर आहे, मी माझ्या हातानं टाइप केलाय. त्यांना वाटलं मी समजूत घालतेय.” तिनं पेला पालथा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. “तुमची चूक नाही सर. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.”

छत्तीस वर्षांत मी शेकडो पोरांना हे वाक्य बोलायला लावलं असेल. बोलणाऱ्याला ते खरं वाटत असतं, हे मला त्या पिंपाशी पहिल्यांदा दिसलं.

“चल,” मी म्हणालो. “काय करायचं सांग.”

“आत्ता?”

“आत्ता. मी आत्ता मधे बोलणार नाही.”

आम्ही स्टेजवर जाऊन बसलो. पंगतीतली माणसं भाताला हाका मारत होती. तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

“तुम्ही ओळ तोडली की नाव ठेवता आणि बाकी सगळं टाकता,” ती म्हणाली. “मग दोन धोंडी सारखेच दिसणार. तर नावाबरोबर जन्मतारीख पण ठेवायची. नाव तेच आणि जन्मतारीख पण तीच, तर तो एकच माणूस, परत आलेला. तारीख वेगळी, तर माणूस वेगळा. मग पुकारताना तारीख वाचायची नाही. बस.”

“म्हणजे दहावी ओळ घालायची?”

“नाही सर. चौथ्या ओळीतच. टाकायचं तेवढं कमी टाकायचं.”

तिनं चौथी ओळ बदलली. नऊच्या नऊच राहिल्या. एंटर दाबलं. दोन हजार सातशे अडुसष्ट. मी ज्याला एक अपवाद समजत होतो ते सदतीस होते. सदतीस माणसं मी एका बोटानं पुसली होती, आणि त्यांतले निम्मे तरी या घटकेला माझ्यासमोर जिलबी खात होते.

जेवणं झाल्यावर मी माइक मागितला. तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “आता आणि काय?”

“चूक झालीय, ती सांगायचीय.”

“राहू द्या की! कोणाच्या ध्यानातबी आलं न्हाई.”

“ज्यांच्या आलं ते उठून गेलेत,” मी म्हणालो आणि माइक घेतला.

या वेळी खरंच थोडक्यात बोललो. म्हणालो, सकाळी मी मोठ्या तोंडानं सांगितलं ते खोटं होतं. आजोबाचं नाव नातवाला असलं की माझ्या यंत्रानं दोघांतला एक काढून टाकला. यंत्रानं म्हणजे मी. सातवीतल्या एका मुलीनं मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता त्या सदतीस जणांना आधी पुकारतो.

मांडव एकदम खुलला. “तरीच म्हटलं!” असा एक आवाज आला. “मी मगाशी हजर म्हटलं ते कुणाचं मग? आज्याचं का माझं?” “तुझं न्हवतंच ते, तू तवा झोपलावतास!” पुकारू लागलो तशी माणसं हसत हसत उठत होती. कोणी हजर म्हणताना छातीवर हात मारत होतं. म्हातारे अकाराम मामा तर म्हणाले, “दोनदा म्हनतो, मगाशी आजा घेऊन गेला माझं.”

धोंडीचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मास्तराची खोड जात नाही. मनात चित्र तयार होतं: मी नाव पुकारणार, रेवती उठणार, भरल्या आवाजात आप्पांच्या वतीनं हजर म्हणणार, मांडव टाळ्यांनी दणाणणार. मी सदतिसावी लाल खूण करणार आणि माझंही एक ओझं उतरणार.

“धोंडी राऊ बाबर,” मी म्हणालो. “रजिस्टर नंबर तेराशे चार.”

रेवती उभी राहिली. पण बोलली नाही.

तिला संकोच वाटत असेल असं समजून मागून सगळ्या मांडवानं श्वास घेतला, ज्यांचं कोणी नसतं त्यांच्यासाठी घेत होते तसा. तिनं हात वर केला.

“नको,” ती म्हणाली. “कोणी म्हणू नका.”

“अगं म्हण की पोरी,” तात्या म्हणाले. “तीन अक्षरं तर हायेत. बापाच्या वतीनं चालतंय.”

“त्यांनी स्वतः म्हटलं होतं सकाळी,” ती म्हणाली. “सगळ्यांनी ऐकलं. ते पणजोबांच्या नावावर लावलं. आता ते नाहीत इथं, मी कशाला म्हणू?”

कोणी हसलं नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

“मग काय लावू बाळ?” मी विचारलं. माझा आवाज कसा झाला होता मला माहीत नाही. पण तो नेहमीचा नव्हता.

“आत्ता नाहीत ना सर ते? मग जे असेल तेच लावा.”

मी लाल पेनाचं टोपण काढलं आणि जे होतं तेच लावलं.

त्यानंतर मी दुपारभर उरलेली नावं वाचली. पांडुरंग, फुलाबाई, बबन, सगळी. संध्याकाळी पाचला संपली. ती यादी, शेवटी सदतीस नावं हातानं जोडलेली, लोखंडे बाईंनी काचेत बसवून मुख्याध्यापकांच्या खोलीत लावली. अजून तिथं आहे. येणारा-जाणारा नावं शोधतो, आपली, आपल्या म्हाताऱ्यांची. दोन हजार सातशे सदुसष्ट लाल खुणा आणि एक फुली. कोणी ना कोणी विचारतंच, की शंभर वर्षांत हा एकच गैरहजर, कोण होता हा?

मी तिथं असलो तर सांगतो. त्या दिवशी सकाळी सात वाजता, मांडवात सगळ्या खुर्च्या लागायच्या आधी, येऊन बसला होता तो.